पॅटर्न कोणाच्या कपाटात?

कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत पंप, व्हॉल्व्ह किंवा यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने ओतकाम बहुधा बाहेरच्या फाउंड्रीकडून जॉबवर्कवर करून घेतात, आणि हा व्यवहार कितीही जुना झाला तरी त्यातला एक दंडक सहसा मोडत नाही : ज्या लाकडी किंवा धातूच्या नमुन्याभोवती वाळू ठोकून साचा तयार होतो तो नमुना, म्हणजे ‘पॅटर्न’, काम देणाऱ्याच्या मालकीचा असतो. ड्रॉइंग त्याचे, पॅटर्न त्याचा; फाउंड्रीवाल्याची भट्टी आणि कसब. दरावरून बिनसले किंवा माल वेळेत येईना, तर पॅटर्न टेम्पोत घालून दुसऱ्या फाउंड्रीत नेता येतो आणि थोड्या दिवसांत ओतकाम पुन्हा सुरू होते. त्याच कारखान्याच्या कार्यालयात मात्र अनेकदा उलटा प्रकार आढळतो. स्टोअर, पगार, खरेदी आणि विक्री यांच्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरवर चालतात ते बाहेरच्या कंपनीने लिहिलेले असते, त्याचा प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे ‘सोर्स कोड’, त्या कंपनीच्याच ताब्यात राहतो, आणि संबंध तुटले तर टेम्पोत घालण्याजोगे काहीच हाती उरत नाही. सॉफ्टवेअर घरी घडवावे की बाहेरून घ्यावे, याची चर्चा बहुतेक संचालक मंडळांत दराच्या रकान्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. खरा प्रश्न पॅटर्न कोणाच्या कपाटात राहणार, हा असतो.

या प्रश्नाची अर्थशास्त्रातील रीतसर मांडणी रोनाल्ड कोस यांच्या १९३७ सालच्या एका निबंधात सापडते. बाजारात प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक सेवा विकत मिळत असेल, तर माणसे नोकरीला ठेवून, त्यांच्या डोक्यावर साहेब बसवून कंपनी नावाचा संसार मांडायचाच कशाला, असे त्यांनी विचारले आणि उत्तरही दिले : बाजार वापरणे फुकट नसते. योग्य माणूस शोधणे, दर ठरवणे, करार लिहिणे आणि तो पाळला जातो की नाही यावर नजर ठेवणे, या सगळ्याला खर्च येतो. हा ‘व्यवहार-खर्च’ जिथे घरच्या व्यवस्थेच्या खर्चाहून जास्त होतो, तिथे काम घरात येते. पुढे ऑलिव्हर विल्यमसन यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. काही गुंतवणूक अशी असते की ती एकाच ग्राहकाच्या कामाची असते आणि इतरत्र तिचे मोल शून्य असते. अशा कामात करार झाल्यानंतर दोन्ही पक्ष एकमेकांत अडकतात, आणि अडकलेल्याला अडवून घेण्याचा मोह दुसऱ्याला होतो. कोस यांना १९९१ साली आणि विल्यमसन यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कोस यांच्या निबंधाच्या २७ वर्षे आधी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना हलवला, तेव्हा त्यांच्यापुढे हाच हिशेब वेगळ्या रूपात उभा होता. जवळपास ना सुट्या भागांचा पुरवठादार होता, ना कुशल कामगारांची बाजारपेठ. त्यामुळे ओतशाळेपासून कामगारांच्या वस्तीपर्यंत जे लागेल ते बहुतेक आवारातच उभे करावे लागले आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिकही तिथूनच निघाले. आज पलूस तालुक्यात असलेल्या किर्लोस्करवाडीचे स्वावलंबन हा ध्येयवाद होता हे खरेच, पण आजूबाजूला बाजार नव्हता हेही तितकेच खरे. भोवती पुरवठादार वाढू लागले की तोच कारखाना जॉबवर्क देऊ लागतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत सांगली-सातारा पट्टा यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे, हे पाहण्यासाठी इथल्या सर्वांत अवघड ग्राहकाकडे, साखर कारखान्याकडे, वळावे लागते.

साखराळ्याचा राजारामबापू, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, भुईंजचा किसन वीर, सांगलीचा वसंतदादा : कारखाना कोणताही घेतला तरी शेती खात्याच्या कामाचा सांगाडा सारखाच असतो. लागण झाली की उसाची नोंद होते. त्या नोंदीत शेतकऱ्याचे नाव, सभासद क्रमांक, जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र आणि लागणीची तारीख येते. लागण आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, की तो खोडवा आहे, हे येते. आणि उसाची जात, म्हणजे को ८६०३२ की फलटण तालुक्यातील पाडेगावच्या संशोधन केंद्राचा फुले २६५, तेही येते. या नोंदींवरून गटवार तोडणीचा कार्यक्रम ठरतो, कारण जातीनुसार आणि लागणीच्या महिन्यानुसार ऊस वेगवेगळ्या वेळी पक्व होतो. मग टोळी आणि मुकादम, स्लिपबॉयने फाडलेली तोडणी चिठ्ठी, वजनकाट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या वाहनाच्या वजनातील फरक, आणि शेवटी पंधरवड्याचे ऊसबिल, ज्यातून विकास सोसायटीचे पीककर्ज, कारखान्याने उधारीवर दिलेले खत व बियाणे आणि इतर येणे वळते होऊन उरलेली रक्कम बँकेत जमा होते. याच चिठ्ठीवरून मुकादमाचे कमिशन आणि वाहतूकदाराचे अंतरानुसार भाडेही निघते. एका चिठ्ठीवर इतक्या जणांचा पैसा अवलंबून असल्यामुळे या सॉफ्टवेअरमधील चूक लपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गट ऑफिसच्या दारात उभी असते.

त्यातही अवघड भाग दराचा. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार दर हंगामासाठी जाहीर करते आणि तो साखर उताऱ्याशी बांधलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये असा दर ठरला. म्हणजे १२ टक्के उतारा धरला तर १.७५ टक्क्यांच्या वाढीबद्दल ६०.५५ रुपये मिळून दर ४१५.५५ रुपये क्विंटल, अर्थात टनाला ४,१५५.५० रुपये होतो आणि त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. वरवर पाहता हे गणित सातवीतल्या मुलाला यावे इतके सोपे आहे. पण टनाला ५० पैशांचे पूर्णांकन कोणत्या पायरीवर करायचे, हा प्रश्न १० लाख टन गाळपावर ५ लाख रुपयांचा होतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की ‘कोणत्या वर्षीचा उतारा’ याचे उत्तर मध्येच बदलते. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला, त्यानुसार पहिला हप्ता महसूल विभागासाठी ठरवून दिलेला उतारा धरून आणि उरलेला हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उताऱ्यानुसार द्यायचा होता. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तीन वर्षांत बिलाची रीत दोनदा फिरली. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक असते, त्यामुळे प्रोग्राममध्ये हा बदल करणारा माणूस कारखान्याच्या संगणक विभागात बसलेला आहे की पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या प्रतीक्षायादीत कारखान्याचा नंबर लागायचा आहे, यावर बरेच काही ठरते.

इथे दोन प्रकारचे नियम वेगळे करून पाहिले म्हणजे घरचे की बाहेरचे या वादातला निम्मा गुंता सुटतो. काही नियम सर्वांसाठी एकदम बदलतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा देशातील प्रत्येक व्यापाऱ्याच्या बिलाचा नमुना एकाच दिवशी बदलला. ज्यांनी तयार, म्हणजे अनेक ग्राहकांसाठी एकच बनवलेले, हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतले होते त्यांचा बदल विक्रेत्या कंपनीने एकदाच करून सर्वांना वाटला. ज्यांनी घरच्या प्रोग्रामरकडून बिलिंग लिहून घेतले होते त्यांच्यावर सगळे स्वतः निस्तरण्याची वेळ आली. अशा कामात घरची घडण हा निव्वळ हट्ट ठरतो. गंमत अशी की देशभर दुकानांतून दिसणारे ‘टॅली’ जन्माला आले ते घरगुती गरजेतूनच : श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवणारे मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत यांनी ते लिहिले आणि १९८६ साली त्यातून कंपनी उभी राहिली. एका घराची गरज हजारो घरांची निघाली की घरचे सॉफ्टवेअर बाजाराचे होते. उलट काही नियम एकाच संस्थेपुरते असतात. तोडणीचा प्राधान्यक्रम कसा लावायचा, पूरबाधित ऊस आधी न्यायचा तर त्याची नोंद कशी घ्यायची, सभासद आणि बिगरसभासद यांच्यात कुठे फरक करायचा, हे त्या त्या कारखान्याच्या मंडळाचे ठराव असतात आणि ते दर हंगामाला बदलू शकतात. विल्यमसन ज्या अडकण्याबद्दल बोलत होते ते नेमके इथे घडते, कारण हे ठराव कळलेला प्रोग्रामर दुसऱ्या कोणाच्या कामाचा नसतो आणि त्याच्यावाचून कारखान्याचे चालत नाही.

बाहेरून काम करून घेण्याचेही सरसकट एकच रूप नसते. ठरावीक रकमेच्या करारात काय हवे ते आधी कागदावर लिहून दिले जाते आणि एकरकमी किंमत ठरते. सहकारी संस्थांना ही पद्धत आवडते, कारण निविदा काढता येते आणि लेखापरीक्षणात ती नीट बसते. तिचा दोष एवढाच की काय हवे ते आधी कोणालाच पुरते माहीत नसते, आणि कागदावर न लिहिलेली प्रत्येक गोष्ट नंतर ‘बदलाची मागणी’ म्हणून वेगळ्या बिलासह परत येते. सर्वांत कमी दराची निविदा भरणारा आपला नफा बहुधा याच बिलांतून काढणार, हे ओळखायला फार मोठा अनुभव लागत नाही. दुसऱ्या पद्धतीत माणसांच्या तासांप्रमाणे किंवा महिन्यांप्रमाणे पैसे मोजले जातात; तिथे बदल सोपे होतात, पण देखरेख करणारे जाणते माणूस घरात नसेल तर मीटर चालू ठेवलेल्या रिक्षासारखी अवस्था होते. दोन्हींच्या मागोमाग येतो तो वार्षिक देखभालीचा करार, ज्याला सगळे ‘एएमसी’ म्हणतात. आणि अलीकडे रूढ झालेल्या चौथ्या पद्धतीत सॉफ्टवेअर विकत न घेता विक्रेत्याच्या सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वापरले जाते व वापरणाऱ्यांच्या संख्येनुसार वर्गणी भरली जाते. पहिल्या तीन पद्धतींत निदान रोजच्या नोंदी आपल्या आवारात राहण्याची शक्यता असते. चौथ्या पद्धतीत पॅटर्नबरोबर ओतीव मालही फाउंड्रीच्या गोदामातच पडून राहतो.

मग सगळे घरातच का लिहू नये? या प्रश्नाचे उत्तर सांगलीतून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांत बसलेले असते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९४७ सालची, कऱ्हाडच्या शासकीय महाविद्यालयाची १९६० ची, आणि इस्लामपूरजवळ राजारामनगरलाही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. संगणकाचे शिक्षण घेतलेली मुले या भागात कमी नाहीत, पण त्यांना मिळणाऱ्या पगाराशी कारखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या वेतनश्रेणीची तुलनाच होऊ शकत नाही. संगणक विभागात एखादा हुशार मुलगा तीन वर्षे राहतो, ऊसबिलाचा सगळा हिशेब आपल्या डोक्यात साठवतो आणि हिंजवडीला निघून जातो. पाठीमागे राहतो तो कोणालाही न उलगडणारा प्रोग्राम. म्हणजे घरी घडवलेले सॉफ्टवेअरही पॅटर्न आपल्या कपाटात राहील याची हमी देत नाही. एका माणसाच्या डोक्यात असलेला पॅटर्न हा बाहेरच्या कंपनीकडे असलेल्या पॅटर्नहूनही बेभरवशाचा, कारण कंपनीशी निदान करार तरी असतो.

ही मुले ज्या कंपन्यांत जातात त्यांचा सगळा उदीम याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकावर उभा आहे. पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ साली पुण्यात १०,००० रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस सुरू केली ती परदेशी ग्राहकांची कामे करण्यासाठी. १९८९ मध्ये ईस्टमन कोडॅकसारख्या नामांकित अमेरिकी कंपनीने आपली संगणक केंद्रे चालवण्याचे काम आयबीएमकडे सोपवले, तेव्हा संगणक विभाग बाहेर देणे हे अडचणीतल्या कंपनीचे लक्षण मानणे बंद झाले आणि पुढच्या दशकात, २००० सालाच्या दोन आकडी तारखांच्या दुरुस्तीसह, भारताकडे कामाचा लोंढा लागला. आज वारे पुन्हा थोडे फिरलेले दिसते. परदेशी कंपन्या भारतीय ठेकेदाराला काम देण्याऐवजी इथे स्वतःच्या मालकीचे केंद्र काढतात, माणसे स्वतःच्या पगारावर ठेवतात, आणि कधी सुरुवातीची काही वर्षे ठेकेदाराकडून केंद्र उभारून व चालवून घेऊन मग ते ताब्यात घेतात. नॅसकॉमच्या २०२४ च्या अहवालात अशा १,७०० हून अधिक केंद्रांत सुमारे १९ लाख माणसे कामाला असल्याची नोंद आहे. देश परका, पण कंपनी घरची : ज्यांनी जगाला बाहेर काम द्यायला शिकवले तेच आता पॅटर्न आपल्या कपाटात परत नेत आहेत, आणि तो ओतायला माणसे मात्र सांगली-कऱ्हाडचीच लागतात.

या पट्ट्यातील सर्वांत बोलका प्रयोग वारणा नदीच्या दोन्ही काठांवर झाला. वारणानगर कोल्हापूर जिल्ह्यात, पण तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या तिथल्या सहकारी साखर कारखान्याचे कार्यक्षेत्र नदी ओलांडून सांगली जिल्ह्यातही पसरलेले आहे. १९९८ साली पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने या भागातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना आली. निम्मा खर्च केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि १० टक्के वारणा समूहाने उचलायचा होता, आणि काम सरकारच्याच राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे होते. व्यवस्था म्हणून पाहिले तर हा बाहेरून करून घेतलेला प्रकल्पच, फक्त ठेकेदार सरकारी. बाजारभाव, पीक सल्ला, जमिनीचे उतारे, नोकरीच्या संधी, असे बरेच काही मराठीतून गावागावांतल्या संगणकांवर द्यायचा बेत होता. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले तेव्हा यांतील बहुतेक सेवा वापरात नव्हत्या. संगणक वापरले जात होते ते उसाची नोंद, तोडणीचा परवाना, वजन आणि खताची उधारी यांसाठी, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या कामासाठी.

हा प्रकल्प फसला असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते, पण तो निष्कर्ष घाईचा आहे. जो भाग दिल्लीत कल्पिला गेला तो सुकला, जो भाग कारखान्याच्या वहीत आधीपासून होता तो टिकला. कारण त्या भागाचे ज्ञान गावातल्या केंद्रचालकाला आणि गट ऑफिसच्या कारकुनाला होते आणि चूक झाली तर ओरडणारा शेतकरी समोर होता. पुढे हे संगणक जुने होऊ लागले आणि त्यांची देखभाल कारखान्याला जड जाऊ लागली, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरुच्या संशोधन विभागाने तिथे एक साधी युक्ती तपासली. सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलवरून लघुसंदेश पाठवून शेतकऱ्याला आपल्या उसाचे वजन, खताची बाकी आणि परवान्याची स्थिती कळेल अशी सोय केली, आणि ती संगणकाइतकीच उपयोगी व पुष्कळ स्वस्त ठरली. २००७ साली त्यावर प्रसिद्ध झालेला शोधनिबंध परदेशातही वाचला गेला. ध्यानात घेण्याजोगे हे की बाहेरचा संशोधक, बाहेरचा फोन आणि बाहेरचे सॉफ्टवेअर असूनही प्रयोग जमला, कारण विचारायचे प्रश्न कारखान्याचे होते.

भिलवडीच्या चितळे डेअरीने पत्करलेला मार्ग घरचे आणि बाहेरचे या दोन टोकांच्या मधला आहे. १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात पुढच्या पिढ्यांनी जनावरांच्या कानाला ओळखपट्टी लावून त्यांची माहिती डेअरीच्या संगणक केंद्रात साठवण्याची आणि लसीकरण वा खुराकाची सूचना पशुपालकाच्या मोबाइलवर धाडण्याची व्यवस्था उभी केली. सर्व्हर डेलचे आणि एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याचे तंत्र व्हीएमवेअरचे, म्हणजे सर्वसाधारण गरजेच्या वस्तू बाजारातून. पण कोणत्या म्हशीची कोणती नोंद ठेवायची आणि तिचा अर्थ काय लावायचा, ही रीत डेअरीची स्वतःची. यंत्र विकत घेता येते, म्हशीची जाण विकत मिळत नाही, हा भेद ज्या व्यवस्थापनाला उमगला त्याला घरचे की बाहेरचे हा प्रश्न फारसा छळत नाही.

सहकारी बँकांना इतके स्वातंत्र्य नसते. सर्व शाखांचे व्यवहार एकाच मध्यवर्ती संगणकावर नेणारी ‘कोअर बँकिंग’ प्रणाली स्वतः लिहिणे छोट्या बँकेच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून अनेक बँका मिळून एकाच पुरवठादाराची सेवा घेतात आणि खर्च वाटून जातो. त्यात धोकाही वाटला जातो. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या पुरवठादार कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाल्यानंतर राष्ट्रीय देयक महामंडळाने तिची जोडणी तात्पुरती तोडली आणि देशातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे एटीएम आणि यूपीआय व्यवहार थांबले. जोडणी दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली. हल्ला त्या कंपनीतून थेट शिरला नसून तिच्यासाठी काम करणाऱ्या आणखी एका कंपनीच्या सर्व्हरमधील ढिलाईतून शिरला, असे सायबर सुरक्षा विश्लेषकांनी दाखवून दिले. ठेकेदाराचा पोटठेकेदार हा प्रकार रस्त्यांच्या कामात सर्वांना ठाऊक असतो. बँकेच्या संगणकातही तो असतो, हे बऱ्याच संचालकांना त्या दिवशी कळले असावे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये काढलेले आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झालेले निर्देश या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. माहिती तंत्रज्ञानाचे काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच राहते, पोटठेकेदारांवरही लक्ष ठेवावे लागते आणि करार संपवून बाहेर कसे पडायचे याची योजना आधीच तयार हवी, असे त्यांत म्हटले आहे. लहान नागरी सहकारी बँकांना हे निर्देश लागू नाहीत. खरी गरज मात्र त्यांनाच अधिक आहे.

गावच्या विकास सोसायट्यांसाठी तर निवडच उरलेली नाही. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राने २,५१६ कोटी रुपये खर्चून देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण एकाच समाईक सॉफ्टवेअरवर करण्याची योजना मंजूर केली. सोसायटीला स्वतःचा प्रोग्रामर परवडणे शक्य नाही, तेव्हा दिशा बरोबरच आहे. पण गटसचिवाला आपल्या सोसायटीपुरता एखादा बदल हवा असेल तर तो कोणाकडे मागायचा, हा वारणेचाच जुना प्रश्न ६३,००० पट मोठा होऊन परत येतो.

सर्व्हर कुठे ठेवायचा याचा विचार करताना सांगलीला आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. हरिपूरच्या पेवांमध्ये, जमिनीत खोदलेल्या त्या कोठारांत, व्यापाऱ्यांची हळद पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहिली आणि २००५ च्या महापुराने त्या व्यवस्थेचे कंबरडे मोडले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच खोलीतील कपाटात ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्क, ही ‘घरची’ व्यवस्था अशा शहरात किती घरची राहते, हे वेगळे सांगायला नको. नोंदींची एक प्रत नदीच्या खोऱ्याबाहेर असणे हा इथे तंत्रज्ञानाचा नव्हे, भूगोलाचा आग्रह आहे.

कायद्याचे पारडे मात्र आपोआप काम देणाऱ्याच्या बाजूला झुकत नाही, आणि ही गोष्ट करार करणाऱ्या बहुतेकांना उशिरा कळते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. तो पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिला असेल तर, वेगळा करार नसल्यास, मालकी नोकरी देणाऱ्याची असते. तोच बाहेरच्या कंपनीने पैसे घेऊन लिहून दिला असेल तर लेखी हस्तांतराशिवाय मालकी लिहिणाऱ्या कंपनीकडेच राहते. हस्तांतर लिहिले पण मुदत घातली नाही, तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. म्हणजे फाउंड्रीच्या व्यवहारात जो दंडक नुसत्या रिवाजाने पाळला जातो, तो सॉफ्टवेअरमध्ये एकेका वाक्याने लिहून घ्यावा लागतो. विक्रेता सोर्स कोड द्यायला तयार नसेल तर तो तिसऱ्या विश्वस्ताकडे ठेवून, कंपनी बुडाल्यास किंवा देखभाल बंद झाल्यास तो ग्राहकाला मिळावा, अशी तोड काढता येते. शिवाय कोड मिळाला तरी तो वाचणारे एक तरी माणूस पगारावर असावे लागते. सगळे काम बाहेर देणाऱ्या संस्थेने निदान हे एक पद कधीही बाहेर देऊ नये.

गळीत हंगाम आटोपला की एएमसीचे नूतनीकरण मंडळापुढे येते आणि विषयपत्रिकेत ते बहुधा शेवटून दुसरे असते. संचालकांनी त्या दिवशी दराचा रकाना पाहण्याआधी करारात सोर्स कोडच्या मालकीचे, सर्व नोंदी वाचता येतील अशा रूपात परत मिळण्याचे आणि हस्तांतराच्या मुदतीचे कलम आहे का, ते शोधावे. नसेल तर सही पुढच्या बैठकीपर्यंत थांबवावी.